कंट्रोल रूमला बदली झाली म्हणून करिअर संपत नाही

माझी भाची पोलिसात आहे. गेल्या महिन्यात तिची पोलिसांच्या कंट्रोल रूमला बदली झाली. त्याच रात्री तिने मला एक मेसेज फॉरवर्ड केला, खाली एवढंच लिहून : "मावशी, खरंय का हे?" हा मेसेज पोलिसांच्या ग्रुपांवर बरीच वर्षं फिरतोय. त्याचं म्हणणं असं : कंट्रोल म्हणजे साईड पोस्टिंग. एसीत बसून फोन उचलायचे, त्याला अक्कल लागत नाही. ११२ हा मदतीचा नंबर आल्यापासून लोकेशन स्क्रीनवरच दिसतं, माणूस नावाला. बढती विसरा. आणि तीन वर्षांवर राहिलात तर डोकं फिरेल, म्हणून ओळख लावा आणि सुटा.

मी सतरा वर्षं कंट्रोलला काढली, आधी १०० वर आणि मग ११२ वर. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. यातला शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचे साफ चूक आहेत.

आधी "स्क्रीनवर सगळं दिसतं" हे बघू. महाराष्ट्रात ११२ सुरू झालं २०२१ मध्ये. फोन आधी नवी मुंबईतल्या महापे किंवा नागपूरच्या केंद्रात लागतो, तिथून माहिती जिल्ह्याच्या कंट्रोलला येते आणि आपण ती गाडीतल्या एमडीटीवर, म्हणजे गाडीत बसवलेल्या स्क्रीनवर, पाठवतो. यंत्रणा चांगली आहे, आमचा जुना नकाशा आणि कार्बन पेपर मला मुळीच परत नकोत. पण घाटात किंवा आडगावात स्क्रीनवर नेमकी जागा नाही, मोठं वर्तुळच दिसतं. शहरात ठिपका बरोबर इमारतीवर येतो, पण विंग कोणती, मजला कितवा, मागचं गेट रात्री उघडं असतं का, हे ठिपका सांगत नाही. आणि घाबरलेला माणूस नुसतं "वडगाव" म्हणतो. पुणे जिल्ह्यात वडगाव बुद्रुक आहे, वडगाव शेरी आहे, वडगाव मावळ आहे, बारामतीकडे वडगाव निंबाळकर आहे. बुद्रुकची गाडी शेरीला गेली तर पूर्ण शहर ओलांडून परत यावं लागतं. "शेजारी काय दिसतंय? देऊळ, पेट्रोल पंप, शाळा?" हे योग्य क्षणी विचारणारी माणसंच असतात.

आता "अक्कल लागत नाही". नवीन माणूस फोन उचलला की विचारतो, "काय झालं?" जुना विचारतो, "कुठून बोलताय?" फोन मध्येच तुटला तरी गाडी कुठे धाडायची ते हातात राहावं म्हणून. ही सवय अंगात मुरायला मला वर्ष लागलं. त्याहून अवघड म्हणजे न बोलणारे फोन. २०१६ च्या नियमानुसार २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनांत पॅनिक बटण आलं. स्मार्टफोनवर पॉवरचं बटण झटपट तीनदा दाबायचं. त्यामुळे खिशात दाबलं जाऊन आलेले कॉल पुष्कळ. त्या गोंगाटात एखादी बाई खरंच बोलू शकत नसते. एकदा एकीने "हो गं ताई, उद्या येते" असं सुरू केलं. मी तिची ताई झाले. "फक्त हो-नाही म्हण. तो घरात आहे? दारू प्यालाय? हातात काही आहे?" तीन "हो" मिळाले आणि बोलता बोलताच गाडी रवाना केली. हे पहिल्या वर्षी मला जमलं नसतं. माझ्या मते दहा वर्षं अनुभव असलेला डिस्पॅचर, म्हणजे गाडी रवाना करणारा, दोन वर्षांच्या डिस्पॅचरपेक्षा कितीतरी पटीने मोलाचा असतो. म्हणून अनुभवी माणसं तिथून हलवणं मला नुकसान वाटतं.

बढतीबद्दल फार लिहीत नाही. शिपाई, हवालदार, सहायक फौजदार ही वाट सेवाज्येष्ठतेची. कंट्रोलला बसलं म्हणून ज्येष्ठता थांबत नाही. माझी थांबली नाही.

राहिला शेवटचा मुद्दा. इथे मी मेसेज लिहिणाऱ्याला खोटं ठरवणार नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत, डीएसएम-५ मध्ये, कामाचा भाग म्हणून भीषण घटनांचा तपशील पुन्हा पुन्हा समोर येणं हेही आघाताचं कारण धरलं आहे. प्रत्यक्ष जागेवर असायलाच हवं असं नाही. आम्हाला हे पुस्तकाशिवाय कळत होतं. विहिरीत पडलेल्या मुलाच्या आईचा आवाज मला अजून आठवतो. त्यात आमच्या कामाला शेवट नसतो : गाडी पोहोचली की फोन बंद, पुढचा फोन सुरू. मूल वाचलं का, कोणी सांगत नाही. एका ठिकाणी तर असा कॉल संपल्यावर पाणी प्यायला उठले म्हणून वरिष्ठांनी मला सगळ्यांसमोर झापलं. त्या वर्षी मीही ओळख शोधत होते.

पण मी टिकले ते जाड कातडीमुळे नाही. पुढच्या ठिकाणच्या साहेबांनी एक पद्धत पाडली होती : वाईट कॉलनंतर दहा मिनिटं दुसऱ्याने खुर्ची सांभाळायची, आणि ड्युटी संपायच्या आत ठाण्याला फोन करून त्या कॉलचं पुढे काय झालं ते विचारायचं. बातमी वाईट असली तरी तो कॉल मनात एकदाचा संपायचा. नाईटचे आठवडे सलग लावायचे नाहीत, हेही त्यांनीच ठरवलं. याला पैसा लागत नाही. डोकं फिरतं ते ही व्यवस्था नसते तिथे, आणि मेसेज मात्र दोष कामाला देतो. सुटण्यासाठी जेवढी खटपट करतो, तेवढी ही दहा मिनिटं मागण्यासाठी करावी.

भाचीला मी त्याच रात्री लिहिलं : पहिल्या महिन्यात एक वही कर. जिल्ह्यातली सारख्या नावाची गावं लिही, प्रत्येकापुढे तिथली ओळखीची खूण आणि ठाणं. तिने दुसऱ्या दिवशी वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. अकरा गावं झाली होती.