गावात ‘बाहेरचे’ कोण आले?

गेल्या आठवड्यात माझ्या थोरल्या काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश पुढे पाठवला आणि खाली लिहिले, ‘वाच, गावाचे काय झाले ते.’ काका निवृत्त शिक्षक. उत्तर बरोबर आले तरी ताळा करून दाखव म्हणणारे. म्हणून वैताग अधिक. संदेशाचे म्हणणे असे, की १९८१ ते १९९१ या काळात महाराष्ट्रातल्या गावागावांत अनुसूचित जातींची संख्या एकाएकी फुगली, कारण बाहेरची माणसे आणून गायरानात वसवली गेली. २०११ च्या जनगणनेने प्रत्येक गावाची धर्मनिहाय आणि जातनिहाय टक्केवारी दिली आहे. आणि लोकसंख्या घटली याचा अर्थ ‘मूळचे’ लोक गाव सोडत आहेत.

पहिल्या मुद्द्यातला आकडा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. राज्यातले अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ मध्ये सुमारे ७.१ टक्के होते, ते १९९१ मध्ये ११.१ टक्के झाले. पण ही माणसे कोणत्याही एसटीतून उतरली नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, आणि १९६१ च्या जनगणनेत राज्यात जवळपास २७.९ लाख लोकांनी आपला धर्म बौद्ध असा नोंदवला. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात तेव्हा बौद्धांना जागा नसल्यामुळे ज्याने धर्म बौद्ध सांगितला तो त्या रकान्यातून गळाला. १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला आणि पुढच्याच वर्षी जनगणना आली. घर तेच, माणूस तोच. रकाना तेवढा बदलला. बौद्धवाड्यातल्या ज्या मुलांची नावे काकांनी १९७५ च्या हजेरीपटावर स्वतःच्या हाताने लिहिली, ती मुले या संदेशाच्या हिशेबाने त्यानंतर गावात ‘आणली गेली’!

गायरानावर अतिक्रमणे झाली हेही खरे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला होता. पण आमच्याकडे तरी ते तुकडे कसणारे गावचेच भूमिहीन होते, आणि गावच्या माणसाने पडीक जमीन कसायला घेतल्याने शिरगणतीत एक डोके वाढत नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. जनगणनेच्या गावपातळीवरील तक्त्यात कुटुंबे, स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुले, साक्षर, काम करणारे आणि अनुसूचित जाती-जमाती एवढेच मिळते. धर्माचे प्रसिद्ध आकडे तालुका आणि शहर या पातळीवर थांबतात. सर्व जातींची मोजणी होऊन आकडे छापले गेले ते शेवटचे १९३१ साली, आणि २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतले जातींचे आकडे प्रसिद्धच झाले नाहीत. संदेशातली दशांश चिन्हापर्यंतची टक्केवारी कोणाच्या तरी डोक्यातून आली आहे.

राहिली घट. माणसे शहराकडे जातात, हे सांगायला संदेश कशाला हवा? शिवाय २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे ऐन ऊसतोडीच्या हंगामात. त्या दिवसांत बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत दाराला कुलूप आणि ओट्यावर म्हातारी माणसे एवढेच दिसते. कोयता घेऊन गेलेली टोळी ते सगळे दिवस कारखान्याच्या तळावर असेल, तर तिची नोंद तिथेच होते. ही टोळी पावसाळ्याच्या तोंडावर घरी परत येते.