२४० वॅटच्या डब्यात ५८०? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही नाव लिहिलेलं नाहीत, म्हणून नुसताच नमस्कार.

जुन्या डेस्कटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड गेलं तर स्वस्तात कोणतं घ्यावं, या माझ्या लेखावर तुम्ही बरंच झोडलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तेवढ्याच पैशांत सेकंडहँड आरएक्स ५८० मिळतं, तेही ८ जीबीचं; तरी ४ जीबीचं जीटीएक्स १६५० सुचवणं म्हणजे लोकांना गंडवणं. नवंच हवं असेल तर आरएक्स ६४०० आहे. जीटी १०३० आणि १०५० टीआयबद्दल मी अर्धवट सांगितलं. आणि मुळात कार्ड हवंच कशाला, ऑनबोर्डवर, म्हणजे प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर, भागतं.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. टॅली, एक्सेल, मेल एवढंच काम असेल तर मेलेलं कार्ड काढा, केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा, विषय संपला. हे वाक्य लेखात पहिल्या परिच्छेदात हवं होतं, ते आता घातलंय. फक्त २०१२च्या आसपासच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला यूट्यूबचं व्हीपी९ (व्हिडिओ दाबून छोटा करण्याची पद्धत) हार्डवेअरवर उलगडता येत नाही. सगळा भार प्रोसेसरवर जातो आणि पंखा केकाटायला लागतो.

१०३०चंही मान्य. ते एकाच नावाने दोन प्रकारांत आलं. २०१७चं जीडीडीआर५ मेमरीचं, सेकंदाला ४८ जीबी बँडविड्थ (मेमरीतून माहिती जाण्याचा वेग); आणि वर्षभराने आलेलं डीडीआर४चं, १६.८ जीबी. खोक्यावरचं नाव तेच, वेग निम्म्याहून कमी. मी नुसतं ‘१०३०’ लिहून मोकळा झालो, ही चूकच. (जीटी ७३०ची कथा याहून भयंकर आहे, त्या नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. दुकानदार मात्र ‘४ जीबी आहे साहेब’ एवढंच सांगतो.) १०५० टीआयचं नाव तर यादीतून काढूनच टाकलं. ते ज्या पास्कल पिढीतलं आहे तिला गेम रेडी ड्रायव्हर (नव्या गेमसाठी कार्डाचं सॉफ्टवेअर) मिळणं ऑक्टोबर २०२५मध्ये थांबलं, पुढे ऑक्टोबर २०२८पर्यंत फक्त सिक्युरिटी अपडेट. १६५० पुढच्या, ट्युरिंग पिढीचं असल्यामुळे त्यातून सुटलं.

आता ५८०.

हे कार्ड १६५० पेक्षा वेगवान आहे, त्यात वाद नाही. पण माझा लेख ज्या मशीनबद्दल होता ते एकदा डोळ्यांसमोर आणा. माझ्या वहिनी दहावीच्या गणिताचे क्लास घेतात आणि धडे रेकॉर्ड करतात. त्यांच्याकडे आहे कुठल्यातरी ऑफिसातून निघालेलं स्लिम मशीन: आय५-३४७०, ८ जीबी रॅम, २४० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा भाग). त्या एसएमपीएसचा आकारच वेगळा, बाजारातला साधा आत बसत नाही. कार्डासाठी पिनची वायर नाही, म्हणजे स्लॉटमधून मिळतील तेवढे जास्तीत जास्त ७५ वॅट. आणि पाठीमागची पट्टी अर्ध्या उंचीची. ५८० त्यात विजेच्या आधी पत्र्यालाच अडतं. वेगाचा प्रश्न फार पुढचा.

‘मग साधं कॅबिनेट असेल तर?’ असं तुम्ही विचाराल. तो उद्योग मी स्वतः करून बसलोय. २०१९ साली माझ्या असेंबल्ड मशीनसाठी सेकंडहँड ५८० आणलं. एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ४५० लिहिलेलं, त्यामुळे मी निश्चिंत. ८ पिनची वायर नव्हती म्हणून दोन मोलेक्सवरून (हार्डडिस्कसारख्या भागांच्या चार पिनच्या वायरी) एक करणारा कनव्हर्टर लावला. गेम सुरू केला की दहाएक मिनिटांत मशीन गप्प. तिसऱ्या दिवशी जळका वास आला. उघडून बघतो तर मोलेक्सचं पांढरं प्लास्टिक एका पिवळ्या वायरीपाशी तपकिरी होऊन चिकटलेलं, ओढूनही निघेना. एसएमपीएसचा स्टिकर मी नीट वाचला तो तेव्हा. १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, १६८ वॅट. कार्ड एकटंच १८५ मागतं, वर प्रोसेसरचे ७७. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत मांडून ४५०चा आकडा जमवला होता, कार्डाला त्यांचा उपयोग शून्य.

तेव्हा तुमच्या ५८०च्या किमतीत एका चांगल्या एसएमपीएसची किंमत मिळवा. मग ते ‘तेवढ्याच पैशांत’ राहत नाही. तुमच्याकडे चांगला एसएमपीएस आधीपासून असेल तर गोष्ट वेगळी, पण माझ्या वाचकांत बहुतेकांनी आपला स्टिकर कधी वाचलेला नसतो. मीही वाचला नव्हता.

आरएक्स ६४००चा मी गंभीरपणे विचार केला होता. ५३ वॅट, पिन नको, अर्ध्या उंचीत मिळतं. पण ते स्लॉटमधल्या फक्त चार लेनवर (माहितीच्या वाटांवर) चालतं. स्लॉट पीसीआय एक्स्प्रेस ४.० पिढीचा असेल तर चार लेन पुरतात, ३.०वर वाट निम्मी होते, आणि आय५-२४०० सारख्या २.०च्या मशीनवर पाव. ४ जीबी मेमरी भरली की ते जाणवतं. वहिनींसाठी मात्र ते बाद झालं ते दुसऱ्याच कारणाने: त्यात व्हिडिओ एन्कोडरच (रेकॉर्ड होणारा व्हिडिओ दाबून छोटा करणारा भाग) नाही. प्रोसेसरमधल्या क्विक सिंक या एन्कोडरवर आधी रेकॉर्डिंग करून पाहिलं होतं. फळा, कॅमेरा, सगळं दिसायचं, पण वर्गमुळाखालचे आकडे पुसट व्हायचे. १६५०च्या एन्कोडरवर ते सुटे वाचता येतात. त्यांना गेम खेळायचे नाहीत, आकडे वाचता यायला हवेत.

१६५० घेतानाही डोळे उघडे ठेवा, त्यातल्या काही मॉडेलना ६ पिनची वायर लागते.

सेकंडहँडबद्दल तुम्ही ‘लॅमिंग्टन रोडला डोळे झाकून घ्या’ (मुंबईतला कॉम्प्युटरचा बाजार) म्हणालात, ते मात्र मी कुणालाही सांगणार नाही. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवरचं मायनिंग (गणितं सोडवून नाणी कमावणं) बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली ५७०, ५८० बाजारात आली. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण पंखा हाताने फिरवून बघा आणि स्क्रू कुणी पूर्वी फिरवलेत का ते पाहा. दुकानातल्या मशीनवर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवायला लावा. खऱ्या ५८०मध्ये २३०४ शेडर (आकडेमोड करणारे छोटे भाग) दिसतात. २०४८ दिसले तर ते ५८०च्या नावाने फिरणारं जवळपास ५७०च आहे. बायोस (कार्डातलं सॉफ्टवेअर) बदलून नाव पालटलेली कार्डंही येतात, त्यातली एनव्हिडियाची काही जीपीयू-झेड ओळखतो आणि नावापुढे ‘फेक’ असं लिहून दाखवतो. मग पंधरा मिनिटं फरमार्क, म्हणजे कार्डावर पूर्ण ताण टाकणारी चाचणी. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान, रस्ता लांब आहे.

तुमच्या स्वतःच्या मशीनचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. एसएमपीएसवरचा १२ व्होल्टचा अँपिअर आणि स्लॉटपासून हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतचं अंतर कळवा. बसत असेल तर तुम्हाला मीही ५८०च सांगेन.