मिशन बंगल्यातला नाताळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात राहिलेली अमेरिकन मिशनरी कुटुंबे आपले सणाचे दिवस कसे घालवीत असत, या विषयावरील माझ्या लेखावर आपण ‘एक कोल्हापूरकर’ या नावाने सविस्तर प्रतिक्रिया लिहिली आहे. तिची भाषा कडक असली तरी ती मन लावून लिहिलेली आहे, म्हणून हे उत्तरही थोडे लांबणार आहे. आपले आक्षेप तीन आहेत. बंगल्यात राहणाऱ्या आणि नोकरचाकर बाळगणाऱ्या लोकांच्या एकटेपणाचा मी उगाच कळवळा आणला, हा पहिला. “आमची मुले न्यू जर्सीत गणपती बसवतात ती स्वतःसाठी, मिशनऱ्यांनी इथे नाताळ केला तो आम्हाला बाटवण्यासाठी,” हा आपल्याच शब्दांतला दुसरा. आणि आपले पणजोबा एका मिशन बंगल्यात खानसामा होते, पण मेजवानी रांधणाऱ्या माणसाबद्दल लेखात एक ओळही नाही, हा तिसरा.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या बुडाशी असलेले गृहीतकच मला तपासून पाहावेसे वाटते. मिशनऱ्यांनी नाताळ हा सण सगळ्या साहित्यासह तयार स्थितीत जहाजातून उतरवला आणि येथील लोकांच्या हाती दिला, असे आपण धरून चालला आहात. कोल्हापूरच्या बाबतीत तरी वस्तुस्थिती तशी नाही. येथे मिशनचे काम सुरू करणारे रॉयल वाइल्डर १८५२ साली पत्नी एलायझा यांच्यासह अहमदनगरहून आले. ते मूळचे व्हरमाँट राज्यातले, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड या भागातले. या भागात वसाहत करणारे प्युरिटन, म्हणजे कडक आचाराचे प्रॉटेस्टंट लोक नाताळाचे कट्टर विरोधक होते. ख्रिस्तजन्माची तारीख बायबलात नाही, आणि या दिवसाच्या नावाखाली लोक दारू पितात व दंगा करतात, असे त्यांचे म्हणणे होते. मॅसेच्युसेट्समध्ये १६५९ साली त्यांनी नाताळ पाळण्यावर कायद्याने बंदी घातली आणि तो पाळताना सापडणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला. १६८१ साली ती बंदी उठली, परंतु मनातली अढी पुढे दीडशे वर्षे टिकली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या भागातल्या अनेक गावांत २५ डिसेंबरला शाळा व दुकाने नेहमीसारखी उघडी असत. अमेरिकेच्या केंद्र सरकारने नाताळाची सुट्टी मान्य केली ती १८७० साली. त्या वेळी वाइल्डर दांपत्याला कोल्हापुरात येऊन अठरा वर्षे होत आली होती.

याचा अर्थ असा की, ज्या माणसाने आमच्यावर नाताळ लादला असे आपण म्हणता, त्याच्या स्वतःच्या बालपणात नाताळ बहुधा नव्हताच. येथे तो थाटाने होत असे तो रेसिडेन्सीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांकडे, कारण ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत पंथाचे, आणि त्या पंथाने सण कधीच सोडला नव्हता. मिशनरी व इंग्रज अधिकारी यांना एकाच मापाने मोजण्याची आपली सवय जुनी आहे. दोघांची कातडी गोरी आणि भाषा एक, त्यामुळे ती समजण्यासारखीही आहे. पण पंचांगाच्या बाबतीत हे दोन शेजारी एकमेकांना बरेच परके होते.

मग वाइल्डरांसारख्या घरात मोठा दिवस कोणता? तो नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी येणारा आभारप्रदर्शनाचा दिवस, म्हणजे ‘थँक्सगिव्हिंग’. पीक घरात आल्यावर देवाचे उपकार मानायचे, लहान मुलामुलींपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसायचे, आणि भरपूर जेवायचे. न्यू इंग्लंडची ही घरगुती रीत अब्राहम लिंकन यांनी १८६३ साली यादवी युद्ध चालू असताना जाहीरनामा काढून सगळ्या देशाची केली. त्याच वर्षी कोल्हापुरात वाइल्डरांना रॉबर्ट हा मुलगा झाला, जो पुढे तरुणांना मिशनरी म्हणून परदेशी पाठवणाऱ्या अमेरिकेतील विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीचा एक प्रमुख प्रवर्तक म्हणून ओळखला गेला. हा योगायोग मी उगाच सांगत नाही. अशा घरातही आभारप्रदर्शनाच्या दिवसाशी धर्मांतराचा काडीचाही संबंध नव्हता. त्या गुरुवारी कोल्हापुरातल्या कोणालाही बोलावणे नसे, कोणाला काही वाटले जात नसे, आणि बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्याला आत काही विशेष चालले आहे याचा पत्ताही लागत नसे. तीच गोष्ट ४ जुलैची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची. आपण गणपतीच्या बाबतीत “स्वतःसाठी” हा जो शब्द वापरला आहे, तो या दोन दिवसांना जसाच्या तसा लागू पडतो, आणि माझ्या लेखाचा अर्ध्याहून अधिक भाग याच दिवसांवर होता.

त्या टेबलावर काय असे याबद्दल आपण “मेजवान्या” असा एकच शब्द वापरून पुढे गेला आहात. मी मात्र तेथे थोडा थांबणार आहे, कारण परमुलखातल्या घराचे खरे स्वरूप स्वयंपाकघरातच कळते. टर्की हा पक्षी येथे सहजी मिळत नसे, म्हणून कोंबडा. क्रॅनबेरी नावाची आंबट लाल फळे तर नव्हतीच. त्यांच्या जागी भारतातल्या अनेक परदेशी घरांत लाल अंबाडीच्या बोंडांची जेली होत असे, आणि ती बोंडे नेमकी याच दिवसांत तयार होतात. लाल भोपळा, मका आणि बटाटा मूळचे अमेरिकेचेच, पण मिशनरी येण्यापूर्वी पोर्तुगीजांच्या काळापासून ते हिंदुस्थानात रुजलेले होते. (ज्या मिरचीवाचून आपला तांबडा रस्सा होत नाही तीही त्याच वाटेने आली, हे जाता जाता नोंदवतो.) न्यू इंग्लंडच्या भट्टीत भाजलेल्या पदार्थांचा जीव म्हणजे उसाची काळी राब. तिच्यासाठी मात्र कोल्हापूरइतके सोयीचे गाव दुसरे नसावे. नोव्हेंबर-डिसेंबरात गुऱ्हाळे पेटलेली असतात आणि काकवी घागरीने मिळते. आल्याचा केक काकवीत उत्तम होतो, हे मी स्वतः करून पाहिले आहे.

आता एकटेपणाबद्दल. मोठी माणसे स्वखुशीने आली होती, त्यांना कोणी बोलावले नव्हते, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. बंगला, आवार आणि पंखा ओढणारा माणूस हे सुख शहरातल्या फार थोड्यांच्या वाट्याला येत होते, हेही खरेच. परंतु मी लेखात ज्यांच्याबद्दल लिहिले ती मुख्यतः मुले होती, आणि मुलांनी काहीच निवडलेले नव्हते. सुएझचा कालवा १८६९ साली खुला होण्यापूर्वी बॉस्टनहून आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला चार-पाच महिने लागत. कोल्हापूरला रेल्वे आली ती १८९१ साली, तीही मिरजेहून, तोपर्यंत शेवटचा सारा टप्पा बैलगाडीचा. आजोळहून निघालेली खोकी सणाला पोहोचायची तर ती उन्हाळ्यातच निघायला हवीत, आणि तरीही ती फेब्रुवारीत उघडली जाण्याचा संभव असे. त्याहून कठीण गोष्ट शाळेची होती. मुले सात-आठ वर्षांची झाली की त्यांना शिक्षणासाठी मायदेशी पाठवायचे, आणि आईबापांनी पुढची पाच-सात वर्षे, म्हणजे पुढच्या रजेपर्यंत, त्यांचे तोंड पाहायचे नाही, अशी त्या काळच्या मिशनरी घरांची सर्वसाधारण रीत होती. मसुरीची वुडस्टॉक शाळा आणि १९०१ साली निघालेली कोडाईकनालची शाळा यांमुळे पुढच्या पिढ्यांचे हाल कमी झाले. तेव्हा हिवाळ्याची लांब सुट्टी ही अनेक घरांत सगळी माणसे एका छपराखाली येण्याची वर्षातली मुख्य वेळ ठरली. सणाला जे महत्त्व आले ते यामुळे. रिकाम्या खुर्च्या भरल्या, की तारीख कोणती हे दुय्यम होते.

आणि या मुलांचा ‘मायदेश’ नेमका कोणता? रॉबर्टची बहीण ग्रेस हिचाही जन्म कोल्हापूरचाच. कुटुंब अमेरिकेला, न्यू जर्सीत परतले, तिचे शिक्षण तिकडे झाले, वडील १८८७ साली वारले, आणि त्यानंतर ती आईला घेऊन पुन्हा इकडेच कामाला आली. तिला न्यू जर्सीच्या बर्फात परके वाटत होते की रंकाळ्याच्या काठी, हे आपण किंवा मी परस्पर ठरवणे धाडसाचे होईल. परंतु ‘परदेशात राहणारे कुटुंब’ हे वर्णन आईबापांना जितके लागू पडते तितके मुलांना पडत नाही, एवढे तरी आपण मान्य कराल.

यानंतर सार्वजनिक नाताळाकडे येतो, कारण आपल्या आक्षेपात जे बळ आहे ते येथे आहे. १८७० साली कोल्हापूरचे काम प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या अमेरिकन मंडळाकडे गेले. पुढच्या पिढीचे मिशनरी नाताळ आनंदाने पाळणारे होते, कारण तोवर त्यांच्या देशातही वारे बदलले होते. तिकडच्या चर्चच्या मंडळ्यांतल्या स्त्रिया बाहुल्या, रंगीत चित्रांची कार्डे, सुईदोऱ्याच्या पिशव्या असे सामान पेट्या भरभरून पाठवीत, आणि मिशनच्या शाळांमधून ते नाताळाच्या सुमारास मुलांना वाटले जाई. हे वाटप सर्वस्वी निरपेक्ष होते असे मी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनंतर मिशनच्या वसतिगृहांत अनाथ मुले मोठ्या संख्येने आली होती. ज्या मुलाला पोटभर अन्न, अंगावर कापड आणि वर्षातले पहिले खेळणे एकाच हातून मिळते, त्याच्या श्रद्धेविषयी ‘त्याने स्वतंत्रपणे ठरवले’ असे म्हणताना माणसाने जपून बोलावे. मिशनरींमध्येही भेटींच्या या प्रथेबद्दल एकमत नव्हते. हा सण लालूच ठरेल अशी भीती त्यांच्यातल्या काहींना वाटत होती. आपण “बाटवण्यासाठी” असा एकच हेतू सर्वांना चिकटवता तेव्हा हा मतभेद पुसला जातो, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

मात्र आज कोल्हापुरात जो नाताळ दिसतो तो या पेट्यांतून निघालेला नाही. वाइल्डर मेमोरियल चर्चच्या परिसरात किंवा कोडोलीसारख्या गावात २४ डिसेंबरच्या रात्री फिरून पाहावे. घरोघर गात जाणाऱ्यांच्या हातात पेटी, ढोलकी आणि टाळ असतात. घरांत करंज्या, शंकरपाळे, चिवडा आणि लाडू असतात, ज्यांतील एकही पदार्थ व्हरमाँटच्या बाईला करता आला नसता. दारावरची चांदणी आणि दिवाळीचा आकाशकंदील एकाच दुकानातून येतात, आणि दिवाळीत न खपलेला माल महिनाभराने चांदणीशेजारी टांगलेला मी पाहिला आहे. उपासनेत गायली जाणारी अनेक पदे नारायण वामन टिळकांची आहेत. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, पण त्यांच्या अभंगांचे घराणे तुकोबांचे. त्यांच्याही आधी अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. ही सगळी घडण मराठी ख्रिस्ती माणसांनी आपल्या हौसेने, आपल्या पैशाने आणि पुष्कळदा मिशनऱ्यांच्या नाखुशीला न जुमानता केली, कारण ढोलकी आणि कीर्तन हे ‘जुन्या धर्माचे’ अवशेष आहेत असे वाटणारे साहेबलोकही होते. या नाताळात मिशनरी कुटुंब पाहुणे म्हणून बसे. समोरच्या ताटातली करंजी खावी की नुसती चाखावी, हा प्रश्न त्यांना पडत असेल. ही माणसे बाटवली गेली, असे म्हणताना आपण त्यांच्या हातून झालेली ही सारी निर्मिती परक्यांच्या नावे लिहून देता, याकडे लक्ष वेधतो. त्यांच्या वंशजांना, ज्यांत मीही एक आहे, हे वाक्य मिशनऱ्यांपेक्षा अधिक लागते.

राहता राहिला आपल्या पणजोबांचा प्रश्न, आणि तीनही आक्षेपांत मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. माझा लेख कुटुंबांनी लिहिलेल्या पत्रांवर आणि अहवालांतील मजकुरावर बेतलेला होता, आणि त्या कागदांत खानसामा फार तर ‘आमचा स्वयंपाकी’ म्हणून एका ओळीत येतो, तोही बहुतेक वेळा पुडिंग बिघडले तर. परंतु अंबाडीची जेली काय किंवा काकवीचा केक काय, परक्या चवीला इथल्या बाजारातून पर्याय शोधणारी बुद्धी बहुधा त्याचीच होती. मॅडमसाहेबांना मंडईत कोणत्या महिन्यात काय येते हे त्याच्याइतके ठाऊक असणे शक्य नव्हते. तो ख्रिस्ती असेल तर नाताळाचा दिवस त्याच्या स्वतःच्या घरीही होता, आणि तो दुसऱ्याच्या चुलीपुढे गेला. तो मुसलमान किंवा मराठा असेल तर हिशेब आणखी वेगळा. दिवाळीला किंवा ईदेला त्याला सुट्टी मिळे की नाही, सणाची बक्षिसी पैशात होती की कापडात, उरलेले अन्न घरी नेण्याची मुभा होती का, आणि त्याच्या बायकोला ते चाले का, या प्रश्नांची उत्तरे पत्रांत सापडत नाहीत. ती घराघरांत सांगितल्या गेलेल्या आठवणींतच असू शकतात.

आपल्या घरी पणजोबांविषयी काय सांगितले जाई, त्यांच्या हातचा एखादा पदार्थ अजून होतो का, आणि ते कोणत्या बंगल्यावर होते, हे आपण लिहून पाठवलेत तर त्यावर स्वतंत्र लेख करावा अशी माझी इच्छा आहे. मजकूर आपला, आपल्याला हव्या त्या नावाने, आणि आपण पाहून होकार दिल्यावाचून तो प्रसिद्ध होणार नाही.

आपला,
ब्लॉगलेखक