पार्किंगच्या फ्लेक फ्लोअरिंगला मिळालेल्या एका स्टारचं उत्तर

नमस्कार काका,

तुमच्या पार्किंगच्या फ्लेक फ्लोअरिंगबद्दलच्या (कोब्यावर इपॉक्सी रेझिनचा लेप आणि त्यात रंगीत कपच्या, म्हणजे फ्लेक) तक्रारी वाचल्या: वर्षाच्या आत चाकाखालचे पोपडे निघाले, गेटजवळ रंग पिवळा पडला, काम चार दिवस चाललं, आणि दुसरा ठेकेदार हेच एका दिवसात निम्म्या दरात करून देतो. उत्तराला आठवडा लागला, कारण आधी इंदिरानगरला येऊन जागा डोळ्यांनी बघायची होती. मंगळवारी येऊन गेलो. काकूंनी चहा पाजला, रिव्ह्यूचा विषयही काढला नाही. त्यामुळे जास्तच ओशाळलो.

पोपड्यांची चूक आमची. निघालेला तुकडा तुमच्यासमोरच उलटा करून पाहिला, आठवत असेल. पाठ स्वच्छ, गुळगुळीत असती तर लेपाने कोब्याला धरलंच नाही असं म्हटलं असतं. नुसता वरचा पारदर्शक थर सुटला असता तर दोन थरांमधलं अंतर चुकलं किंवा मध्ये धूळ राहिली असा अर्थ निघाला असता. तुमच्या तुकड्याच्या पाठीला करडी भुकटी होती. म्हणजे लेपाने नीट धरलं, पण ज्याला धरलं तेच कच्चं निघालं. आपल्याकडे गवंडी कोब्यावर कोरडं सिमेंट मारून घोटाई करतात. दिसायला आरसा, पण ती वरची साय असते. डायमंड ग्राइंडरने ती पूर्ण काढून आतली वाळू दिसेपर्यंत घासावं लागतं. मधल्या भागात घासलंय, तिथे मी छिन्नी लावली तरी लेप हलला नाही. डाव्या भिंतीलगत मात्र, नेमकी चाकं येतात तिथे, पोरांनी वरवर मशीन फिरवून सोडून दिलं. मी त्या दिवशी अंबडच्या साइटवर होतो. संध्याकाळी पोहोचलो तेव्हा प्रायमर लागून गेला होता, आणि प्रायमरखालचं काय दिसणार? पोरांना दोष देत नाही. बघायला हजर असणं माझं काम होतं.

मग उन्हाळा आला. मे महिन्याच्या उन्हात हायवेवरून तापून आलेलं टायर लेपावर उभं राहतं, गार होताना आकसतं आणि खालच्या थराला ओढतं. रोज तेच. पक्क्या कोब्यावर चांगला लेप ही ओढ सोसतो. सायीवर बसलेला कसा सोसणार?

पिवळेपणाचं थोडं वेगळं आहे. इपॉक्सी उन्हात पिवळा पडतोच, कंपनी कुठलीही असो. म्हणून ऊन येणाऱ्या जागी सगळ्यात वरचा थर पॉलिअस्पार्टिकचा किंवा उन्हाला टिकणाऱ्या पीयूचा (पॉलियुरेथेनचा), म्हणजे उन्हात पिवळ्या न पडणाऱ्या लेपाचा घ्यायचा असतो. तुमचं गेट पश्चिमेला, दुपारनंतरचं सगळं ऊन आत. कोटेशनमध्ये तो थर होता आणि तुम्ही तो काटला, हे खरं. पण मी तिथे नुसतं ‘यूव्ही टॉपकोट, जादा’ असं लिहिलं होतं. त्यावरून कोणाला काय कळणार? ‘हा घेतला नाही तर गेटजवळ पिवळं पडेल’ असं साध्या मराठीत लिहायला हवं होतं. आता लिहितो.

चार दिवसांबद्दल मात्र माघार नाही. पहिल्या दिवशी दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून जमिनीवर ठेवलं होतं, तुम्ही विचारलंत, ‘हे कसलं तोरण?’ निदान सोळा तास ते तसंच ठेवून खाली ओल धरते का बघायचं असतं. दुसरा दिवस घासकाम आणि प्रायमर. तिसऱ्या दिवशी इपॉक्सी ओतून खालचा रंग पूर्ण झाकेपर्यंत फ्लेक उधळले. चौथ्या दिवशी न चिकटलेले खरवडून, व्हॅक्यूम करून वरचा थर. एका दिवसात होणारी पद्धतही आहे, भराभर सुकणाऱ्या पॉलिअस्पार्टिकची, पण ती इपॉक्सीपेक्षा महाग पडते, निम्म्यात नाही. निम्म्या दरात बहुतेक वेळा पाण्यातला इपॉक्सी पेंट रोलरने मारतात आणि पोह्यांवर खोबरं भुरभुरावं तसे फ्लेक टाकतात. त्या ठेकेदाराला एवढंच विचारा, तीनशे चौरस फुटांना फ्लेक किती किलो लागतील? पूर्ण झाकायचं तर पंधरा ते वीस किलो लागतात. आणि ग्राइंडर आणणार की ॲसिडने धुणार, तेही विचारा.

आता दुरुस्ती. लगेच नको, पावसाळ्यात कोबा खालून ओल धरतो, त्यावर लेप मारणं म्हणजे पुन्हा तेच. दसऱ्यानंतर प्लास्टिक लावून बघू. कोरडं निघालं की डावी पट्टी पूर्ण काढून नव्याने करू, खर्च आमचा. फ्लेकची छटा जराशी वेगळी दिसेल, ते आत्ताच सांगून ठेवतो. मग सगळ्या जमिनीला उन्हाचा टॉपकोट, त्यात मजुरी आमची, मालाचे पैसे तुमचे, खरेदीच्या बिलाप्रमाणे. गाडी आठवडाभर बाहेर लावावी लागेल. घासकामाच्या दिवशी सकाळपासून मी स्वतः तिथे असेन.

तोवर एक विनंती. सुटलेल्या कडा फेविक्विकने चिकटवू नका. दोन ठिकाणी दिसलं मला, मंगळवारी काकूंसमोर बोललो नाही.