अण्णांच्या रिपोर्टचं मराठी

शनिवारी संध्याकाळी कुणाच्याही हातात रिपोर्ट देऊ नयेत, असा कायदाच करायला हवा. डॉक्टर भेटणार सोमवारी. मधला अख्खा रविवार आपल्या बोकांडी. त्यातून आमच्या घरी अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय 78, त्यातली 36 वर्षं शाळेत मराठी शिकवण्यात गेलेली. जिना चढताना धाप लागते म्हणून त्यांचा टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला आणि आलोच आहोत तर म्हणून पोटाची सोनोग्राफीही उरकून घेतली. मी लिफाफा उघडला, दोन ओळी वाचल्या आणि "ठीक आहे हो" म्हणत परत बंद करायला लागलो.

"काय ठीक आहे? वाच मोठ्यानं. मराठीत."

"अण्णा, ते डॉक्टरी इंग्रजी आहे."

"मग मराठी कर. हृदय माझं आणि त्याच्याबद्दल काय लिहिलंय ते मलाच कळू नये?"

यावर काय बोलणार? टीपॉयवर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश आला. 1857 सालच्या दुसऱ्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण, उचलतानाच धाप लागावी असं. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे दोन खंड आले. बाकीचे ज्यांनी वाचायला नेले ते आता फोन उचलत नाहीत. शिवाय शाळेतून कधीतरी घरी आलेली आणि घरचीच होऊन गेलेली शास्त्रीय परिभाषेची पिवळी पुस्तिका. माझ्याकडे मोबाइल.

पहिल्याच ओळीला अडलो. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना परिभाषेत अलिंद म्हणतात, खालच्या दोघांना निलय. मी पुढे सरकत होतो, तेवढ्यात अण्णांनी हात वर केला. "थांब. अलिंद म्हणजे ओसरी. निलय म्हणजे घर. दोन ओसऱ्या, दोन घरं!" सगळं आयुष्य डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये काढलेला माणूस. छातीत एवढी जागा पडून होती हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला. पुस्तिकेत खालच्या कप्प्याला 'जवनिका' असाही एक शब्द होता. जवनिका म्हणजे नाटकाचा पडदा. "पडदा नको," अण्णा म्हणाले, "एकदा पडला की वर जाईलच असं नाही. निलयच लिही."

मग झडपा. डावीकडच्या झडपेला इंग्रजीत मायट्रल म्हणतात, कारण ती बिशपच्या टोकदार टोपीसारखी दिसते. मराठीत ती द्विदल. "द्विदल म्हणजे तूर, मूग, हरभरा," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "तरी मी सांगत असते, रात्री हरभऱ्याची उसळ नको."

खरी पंचाईत पुढच्या ओळीत होती: 'ट्रिव्हियल टीआर'. टीआर म्हणजे ट्रायकस्पिड रिगर्जिटेशन. उजवीकडच्या त्रिदल झडपेतून थोडं रक्त उलटं येतं, एवढंच. पण मी शहाणपणा करून रिगर्जिटेशनचा अर्थ मोबाइलवर बघितला आणि जो आला तो वाचून मोकळा झालो: खाल्लेलं परत तोंडाशी आणणे, न समजता पाठ केलेलं जसंच्या तसं ओकणे.

अण्णांनी चष्मा काढला. "म्हणजे घोकंपट्टी?"

"अण्णा, तो दुसरा अर्थ..."

"36 वर्षं मी पोरांना सांगत आलो, घोकू नका, समजून घ्या. आणि माझं हृदय आतल्या आत घोकंपट्टी करतंय?"

ट्रिव्हियल म्हणजे किरकोळ, धडधाकट माणसांतही हे पुष्कळदा सापडतं, हे पटवायला मला चहाचे दोन कप लागले. घोकंपट्टी किरकोळ नसते, यावर ते शेवटपर्यंत ठाम होते.

इजेक्शन फ्रॅक्शन 60 टक्के. इथे मात्र मीच घाबरलो. बाकीचे 40 कुठे गेले? पण अण्णा एकदम ताठ बसले. "साठ? फर्स्ट क्लास आहे!" आणि ते बरोबर निघालं. हृदय दर ठोक्याला सगळं रक्त बाहेर टाकतच नाही. 55 ते 70 टक्के म्हणजे उत्तम. शंभरपैकी शंभर मिळवणारं हृदय अजून जन्माला यायचंय.

जेवणं झाली. पोट बाकी होतं.

जेवताना बायकोनं स्वतःचं गाऱ्हाणं मांडलं. मागच्या वर्षी तिच्या अंगावर पित्त उठायचं. आईनं सांगितलं, आमसुलाचं पाणी लाव. आम्ही मात्र मोठ्या डॉक्टरांकडे गेलो आणि कागदावर 'इडिओपॅथिक अर्टिकॅरिया' लिहून आणलं. घरी येऊन शोधलं तर इडिओपॅथिक म्हणजे कारण ठाऊक नाही. 'का होतंय कोण जाणे' हे वाक्य आम्ही फी भरून ग्रीकमध्ये ऐकून आलो होतो.

अण्णांना विषय मिळाला. "माझी आजी अक्षरशत्रू, पण शब्द बघ तिचे. पापणीवर फोड आला की रांजणवाडी. तळपायाला टोचतं ते कुरूप. कमरेभोवती फोडांचा पट्टा उठला की नागीण." मी हळूच नागिणीच्या इंग्रजी नावातला हर्पिस शब्द शोधला. मूळ ग्रीक, अर्थ सरपटणे. म्हणजे तिकडच्या वैद्यालाही तिथे सापच दिसला होता. मी हे सांगितल्यावर अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. आजीला कुणीतरी पैकीच्या पैकी दिल्यासारखे नुसते मान हलवत बसले.

रविवारी सकाळी पोट काढलं. 'स्प्लीन: अनरिमार्केबल.' प्लीहा बरी आहे, सांगण्यासारखं काही नाही. पण रिमार्क म्हणजे शेरा, हे अण्णांच्या डोक्यात पक्कं. "शेरा नाही? प्रगतिपुस्तकात शेऱ्याचा रकाना मी कधी कोरा ठेवला नाही. शेवटच्या बाकावरच्या पोराचासुद्धा."

पुढे स्वादुपिंड. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला त्या वेळी भूक लागली असावी. तर ते स्वादुपिंड आतड्यातल्या गॅसमुळे नीट दिसलंच नव्हतं. स्वयंपाकघरातून कुणीतरी "उसळ" एवढंच म्हणालं.

शेवटी प्रोस्टेट, किंचित वाढलेली. मी हे खालच्या आवाजात वाचलं. पुस्तिकेत 'पुरःस्थ ग्रंथी' होतं. "पुरःस्थ म्हणजे पुढे उभा राहणारा," अण्णा म्हणाले. ग्रीक शब्दाचाही अर्थ नेमका तोच निघाला. "उभा तो राहणार म्हणे! मग रात्री चार-चार वेळा मला का उभं करतो?"

सोमवारी डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट मिळून अर्धा मिनिट बघितले. "काही नाही आजोबा, वयाच्या मानानं छान आहे. मीठ कमी करा, वजन थोडं उतरवा, धाप वाढली तर लगेच या." अण्णांचा चेहरा पडला. दीड दिवस खपून केलेलं भाषांतर खिशातच राहिलं.

काल फाइल लावताना सोनोग्राफीचा रिपोर्ट हाती लागला. समासात लाल शाईनं, वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

प्लीहा – प्रगती समाधानकारक.
स्वादुपिंड – गैरहजर.
पुरःस्थ – पालकांनी येऊन भेटावे.