पीएफ जमा झाला की बँकेत आपण 'सर' होतो

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. शब्द इकडंतिकडं झाला तर सांभाळून घ्या.

आज रात्री साडेआठला आमच्या मामांना एका बँकेच्या वसुलीवाल्याचा फोन आला. मामांनी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीसमोर उभं राहून आयुष्य काढलं. लक्ष्मीपुरीत कुठल्या दुकानाच्या वहीत त्यांचं नाव सापडायचं नाही, भिशीचा हप्ता आदल्या दिवशी पोचता. आणि त्यांना कालचं पोरगं विचारतंय, "काका, भरायची ऐपत नव्हती तर कार्ड घेतलं कशाला?"

कसलं कार्ड? 58 पूर्ण झाली, मामा रिटायर झाले, पीएफ खात्यावर आला आणि त्याच आठवड्यात शाखेतून फोन सुरू. तोवर तिथं पासबुक भरून घ्यायलासुद्धा मामा ताटकळायचे. आता 'सर बसा', 'सर चहा घ्या'. एफडी करायला गेले तर आधी पॉलिसीचा कागद पुढं सरकवला. तो मामीनं हाणून पाडला, घरात कुणाला तरी व्यवहार कळतो म्हणायचं. क्रेडिट कार्ड मात्र गळ्यात पडलंच. "लाइफटाइम फ्री आहे सर, मोबाइलवर आलेला नंबर तेवढा सांगा." मामांना वाटलं, एफडीचाच ओटीपी.

हो, ओटीपी त्यांनीच सांगितला. मान्य. पण काय गळ्यात मारतोय हे न सांगता घेतलेल्या होकाराला आपल्याकडं काय म्हणतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ते कार्ड मी मघाशी बघितलं. बँकेच्या पत्रावर डिंकाच्या ठिपक्यांनी चिकटवलेलं असतं ना, तसंच्या तसं. सोलूनसुद्धा काढलेलं नाही. मामीच्या कपाटात, लाइट बिलांच्या गठ्ठ्यात. एक रुपयाची खरेदी नाही. तरी वर्ष सरल्यावर वार्षिक फी, ती भरली नाही म्हणून लेट फी, त्यावर व्याज आणि या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. फ्री होतं ते पहिलंच वर्ष, असं आता सांगतात.

व्याज किती? महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42. मामांच्या घामाच्या पीएफला 2024-25 साली मिळाले सव्वाआठ. पूर्वी ग्राहक आयोगाचा एक निकाल होता, 30 टक्क्यांच्या वर व्याज लावायचं नाही म्हणून. डिसेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं तोही रद्द केला. कोर्टापुढं काय बोलणार!

पेन्शनचं तर विचारूच नका. पगारातनं दर महिन्याला 12 टक्के कापून गेले. मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के पेन्शनला, तेही 15,000 पगाराच्या मर्यादेतच, म्हणजे पगार कितीही असला तरी महिन्याला जास्तीत जास्त 1,250. मामांच्या हातात येतात साडेतीन हजारांच्या आसपास. किमान पेन्शन 2014 पासून 1,000 वरच अडकली आहे, त्या मानानं मामा श्रीमंतच म्हणायचे.

त्या फोनवरच्या पोराचा राग आता जरा उतरलाय. कागल नाहीतर गडहिंग्लजचा बीकॉम झालेला असेल. दिवसभर शिव्या खायच्या आणि महिनाअखेरीला टार्गेट दाखवायचं, असली नोकरी. घरी त्याचेही वडील असतील.

पण वर एसीत बसून टार्गेट लावणाऱ्याला काय म्हणायचं? रिझर्व्ह बँकेचे नियम त्याला पाठ असतात. न मागता कार्ड द्यायचं नाही, दिलं आणि पैसे लावले तर ते रद्द करून वर दुप्पट दंड ग्राहकाला. थकबाकी नसताना कार्ड बंद करायला सांगितलं तर सात कामाच्या दिवसांत बंद, नाहीतर रोजचे 500 रुपये. हे 2022 पासून आहे. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही, हेही आहे. साडेआठला फोन आला तेव्हा मामा जेवत होते. ताट तसंच राहिलं.

मी स्वतः कार्ड वापरतो. दर महिन्याला सगळं बिल भरणाऱ्याला ते परवडतं, वाद नाही. पण मामांना त्याचा काय उपयोग होता, सांगा की!

सगळ्यात जास्त काय लागलं माहितीये? मामांनी डब्यातनं पैसे काढून मोजून ठेवले होते. उद्या सकाळी गुपचूप भरून येणार होते, कुणाला कळायला नको म्हणून. चोरी केल्यासारखा चेहरा. मी म्हटलं, एक पैसा द्यायचा नाही. तर म्हणाले, "तो पोरगा म्हणत होता सिबिल खराब होतंय. सिबिल म्हणजे काय रं?" सांगितलं, उधारी वेळेवर फेडली का याची नोंद, बँका कर्ज देताना बघतात ती. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग होऊ दे की. मला आता कुठं कर्ज काढायचंय?"

उद्या त्यांच्याबरोबर शाखेत मी जातोय. अर्ज लेखी देणार आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेणार. 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, तिथं तक्रारीला फी लागत नाही. यंदा तुमच्या घरात कुणी रिटायर होत असेल तर पीएफ जमा झाल्यावर पहिले काही दिवस त्यांच्याबरोबर बँकेत कुणीतरी जा. अर्जाचा नमुना हवा असेल तर इनबॉक्समध्ये या, टाइप करूनच ठेवलाय.