चित्राचं सोडा, आधी पन्हाळ दाखवा

"भोसरी एमआयडीसीतल्या शेडवर चित्रं काढा, भाग ओळखू येणार नाही," बंड्याने बशीत चहा ओतताओतता जाहीर केलं. "दिल्लीची लोधी कॉलनी बघा, भिंतीभिंतीवर चित्रं!"

"लोधी कॉलनी सरकारी घरांची आहे रे," मेधा म्हणाली. "गिलाव्याच्या उंच सपाट भिंती, चालायला फुटपाथ. इथे पन्हाळी पत्रा आणि त्याला टेकून ट्रक. तुलनाच करायची तर अमेरिकेतल्या मायामीचं विनवुड घे. 2009 पासून तिथल्या गोदामांच्या भिंती रंगल्या."

"मग झालं की!"

"झालं ना. भाडीही चढली, आणि चित्रकारांनाच तिथे स्टुडिओ परवडेना. आपला लेथवाला तर आत्ताच भाड्याच्या गाळ्यात आहे."

"पत्र्यावर ऑइलपेंट माराल, तर भाडं चढायच्या आत चित्र उतरेल," अण्णांनी तोंड उघडलं. अण्णा पेंटर, त्यामुळे कट्टा जरा गप्प. "पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो. ऑइलपेंटातलं तेल जस्ताला लागलं की मध्ये साबण तयार होतो आणि अख्खा पापुद्रा सुटतो. आधी डिटर्जंटने धुवायचा, मग वॉश प्रायमर, म्हणजे जस्ताला धरून बसणारा पहिला पातळ हात, त्यावर अ‍ॅक्रिलिक. आणि पन्हाळीवर चेहरा काढू नका. समोरून झकास, रिक्षातून तिरकं बघितलं की नाक गायब."

"मग गाळ्याची बाजूची भिंत घेऊ. 40 बाय 15."

"म्हणजे 600 चौरस फूट. बाहेरच्या इमल्शनचे दोन हात मारले तर लिटरला 50-60 फूट होतात. नुसत्या पार्श्वभूमीला 10-12 लिटर गेले. पण रंग मोजण्याआधी छपराचं पाणी वाहून नेणारी पन्हाळ बघा. ती गळत असेल तर पाणी गिलाव्यात मुरतं, सुकताना आतला क्षार घेऊन बाहेर येतं आणि रंगाला मागून ढकलतं. दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले, तर ब्रश परत पिशवीत."

"आणि गिलावा नवा असला तर?"

"28 दिवस थांबा. उद्घाटनाची तारीख आधी ठरलेली असते, म्हणून कुणी थांबत नाही. सुशोभीकरणाचं बिलही चित्राच्या फुटावर निघतं. घासणं, भेगा भरणं, प्रायमर यांना त्यात जागा नसते."

चित्र भिंतीवर चढवायला बंड्याला प्रोजेक्टर हवा होता. मेधाने ते निकालात काढलं: गल्ली अरुंद, मागे सरकायला जागा नाही, शिवाय काम फक्त अंधारात. त्यापेक्षा भिंतीवर खडूने वेड्यावाकड्या खुणा करायच्या, फोटो काढायचा, मोबाइलवर त्यावर चित्र ठेवायचं आणि खुणा बघून रेषा ओढायच्या.

"शेवटी वरून क्लिअर कोट!" बंड्या.

"ओली भिंत असेल तर पाणी आत कोंडून फोड येतील," अण्णा.

"पण पिचकाऱ्या धुवायच्या कशा? खालच्या चार फुटांना तरी कोट हवाच," मेधा अडून बसली.

"आणि जमिनीची ओल चढते ती नेमकी तिथेच. ते चार फूट गडद गेरू मारून मोकळे ठेवा."

"गेरूची पट्टी म्हणजे सरकारी गोदाम दिसेल, अण्णा!"

हा वाद मिटेना, तेवढ्यात बंड्या चहावाल्याकडे काहीतरी मागायला उठला.

"दीड फूट रे, बंड्या! दुधाची पिशवी नको आणूस."